गाळी

त्या शनिवारी उद्यमबागेत लाइट गेली नाही.
हायड्रॉलिकच्या जॉबातून उरलेला
ॲल्युमिनियमचा वीतभर तुकडा चकात धरला,
बोरिंग बार आत सरकवला,
आणि भुगा सुटला
कुरळा, गरम,
कुणाचं तरी जावळ उतरवल्यासारखा.

"धोत्र्याच्या फुलागत तोंड काढ," भरमाण्णा म्हणाला,
"कडेला धार ठेवू नको बे.
वारं धारेला अडतंय,
गोलाईवरनं घसरतंय."
हे त्याला कुणी शिकवलं, माहीत नाही.
चौथीत शाळा सुटली.
तेव्हापासून येझदीच उघडतोय, येझदीच मिटतोय.

गाडी माझी. म्हैसुरात जन्मलेली,
कोल्हापूरचं पासिंग,
मुक्काम मच्छे.
तिला कागदपत्रं विचारू नयेत.

एअरबॉक्स खोलला.
आत निपाणीची तंबाखूची धूळ,
खानापूरची तांबडी माती,
एक वाळलेली गांधीलमाशी, पंखांसकट.
भरमाण्णानं फिल्टर दोन बोटांत धरला,
मेल्या उंदरासारखा.
"ही तुमची गाळणी.
ह्यातला ण काढून टाक,
उरली ती आमची गाळी."
मी हसलो.
त्यांच्यात गाळी म्हणजे वारा.
आमच्यात वारंसुद्धा गाळून घ्यायचं,
त्यांच्यात ते नुसतं वारं.

क्लिप आवळली.
कार्बोरेटरच्या तोंडावर ते चकचकीत फूल
असं बसलं
की क्षणभर दोघंही काही बोललो नाही.

पहिल्या फेरीला प्लग पांढरा निघाला,
नव्या कवळीसारखा.
"उपाशी हाय," भरमाण्णा म्हणाला.
"वारं पोटभर, पेट्रोल घासभर."
जेट दोन नंबरांनी वाढवला.
दुसऱ्या फेरीला करपट.
तिसऱ्या फेरीला ग्लुको बिस्किटाचा रंग.
तो प्लग त्यानं वरच्या खिशात ठेवला,
का, ते विचारलं नाही.

मग जांबोटीचा रस्ता.
मागचा आवाज गावाला ठाऊक असतो,
सायलेन्सरचा, सोडायचा.
हा पुढचा, मांडीखालचा,
घ्यायचा आवाज.
बशीतला चहा ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा
सुर्रर्र, आणि मूठ पिळली की
एका दमात अख्खी बशी.
फुलाच्या तोंडाशी पेट्रोलचं धुकं
पुढं यायचं, मागं जायचं.
श्वास दिसतो, हे मला
चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

खरं तर तिथंच थांबायला पाहिजे होतं.

पण परतताना पिरनवाडीच्या आधी
मातीचा ट्रक पुढं गेला.
तांबडा पडदा. मी सवयीनं
खिशातला रुमाल काढून नाकाला बांधला.
अकरा वर्षं फौंड्रीत होतो मी,
वाळू झाडायच्या खात्यात.
छातीचा फोटो ट्रंकेत आहे,
डॉक्टरनं पेनानं गोल केलेला.
रुमालाची गाठ मारली
आणि खाली बघितलं.
ती तशीच. आ वासून.
येईल ते घेत.

गाडी बंद केली.
हातानं ढकलत आणली चार किलोमीटर.
वाटेत दोघांनी विचारलं, "पेट्रोल संपलं काय?"
"हो की," म्हटलं.

घरी आल्यावर मोरीशेजारच्या खिळ्यावरून
चहाची गाळणी उचलली.
जाळी कापली, फुलाच्या तोंडावर ताणली,
वरून रिंग दाबली.
भरमाण्णा बघून म्हणाला,
"घातलास की परत तो ण."
आणि थुंकला, पण हसत.

आता आवाज थोडा बसका आहे.
वरचा दम गेला, खालचा राहिला.
प्रेमा काही बोलली नाही.
चहा तसाच दिला, न गाळता.
तळाशी पूड,
जिभेवर पूड,
आणि ती समोर बसून
मी शेवटचा घोट कसा घेतो
ते बघत राहिली.